अद्भुताच्या साम्राज्यातील माणसे : 'दास्ताने अमीर हम्झा'मधील राष्ट्रे, भूमिका आणि सामाजिक आदिबंध

अद्भुतरम्य कथेतील व्यक्तिरेखा साचेबंद असतात, त्यांना अंतरंग नसते, हा आक्षेप जुना आहे. 'मुक्तामाला' (१८६१)पासूनच्या मराठी अद्भुतरम्य कादंबऱ्यांविषयीही मराठी समीक्षेने तो वेळोवेळी नोंदविला आहे. वास्तववादी कादंबरीच्या निकषावर हा आक्षेप अमान्य करता येत नाही. परंतु त्यामुळे एक मूलभूत प्रश्न बाजूला पडतो. ज्या कथेत माणसे व्यक्ती म्हणून नव्हे, तर भूमिका म्हणून वावरतात, त्या कथेत समाज कोठे शोधावयाचा? 'दास्ताने अमीर हम्झा' या उर्दू कथाचक्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार करता येतो.

मुळात फारसीत रूढ झालेली ही कथा मोगल काळात भारतात विशेष लोकप्रिय झाली. अकबराने तिची सुमारे १४०० चित्रांची हस्तलिखित प्रत करवून घेतली. पुढे दास्तानगोंनी ती उर्दूत आणली. १८०१ साली फोर्ट विल्यम कॉलेजसाठी खलील अली खाँ 'अश्क' यांनी आणि १८५५ साली कलकत्त्यात गालिब लखनवी यांनी तिची एकखंडी रूपे सिद्ध केली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने १८८३ पासून तिचे जे विस्तृत रूप छापले, ते ४६ खंडांपर्यंत गेले. त्यातील सर्वांत प्रसिद्ध भाग म्हणजे 'तिलिस्मे होशरुबा'. तिलिस्म म्हणजे जादूगारांनी मंत्रबळाने उभारलेली मायासृष्टी. होशरुबा हे अशा सृष्टीचे विशाल साम्राज्य असून जादूगारांचा बादशहा अफरासियाब त्याचा अधिपती आहे.

या कथाविश्वाचा भूगोल प्रथमदर्शनी राष्ट्रांचा आहे. अरबस्तान, इराण, हिंद, चीन, हबश, फिरंग आणि देव-पऱ्यांचा काफ हे त्यातील प्रमुख प्रदेश होत. प्रत्येक प्रदेशाला एक ठरीव प्रतिमा चिकटलेली आहे. इराण म्हणजे नौशेरवानचा दरबार, वैभव आणि कारस्थान. हिंद म्हणजे प्रचंड देहाचा, हत्तीवर आरूढ होणारा गदाधारी लंधौर. चीन म्हणजे पराक्रमी बहराम. आफ्रिकी वंशाच्या लोकांची चित्रणे अनेक ठिकाणी भयावह व तुच्छतादर्शक आहेत, हे नमूद करणे आवश्यक आहे. परधर्मीयापुढे बहुधा धर्मांतर किंवा मृत्यू हे दोनच पर्याय असतात. हे पूर्वग्रह 'अद्भुत' या नावाखाली झाकता येणार नाहीत.

तथापि राष्ट्रांची ही प्रतिमा पात्राचे कथेतील स्थान ठरवीत नाही. रशियन लोककथांचा अभ्यास करताना व्लादिमिर प्रॉप याने १९२८ साली पात्र आणि भूमिका यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. पात्रे बदलतात, त्यांची कार्ये स्थिर राहतात. दास्तानमध्ये साहिबकिरान म्हणजे दैवनियुक्त विजेता, ऐयार म्हणजे वेषांतर व युक्ती यांत निष्णात असलेला हेर, जादूगार, वजीर, प्रतिस्पर्ध्याच्या गोटातील राजकन्या आणि पराभवानंतर मित्र होणारा वीर अशा मोजक्या भूमिका आहेत. लंधौर व बहराम यांची राष्ट्रे भिन्न असली, तरी दोघांची भूमिका शेवटची, म्हणजे एकच आहे. नौशेरवानच्या दरबारातील दुष्ट वजीर बख्तक. त्याचा मुलगा बख्तियारक हा पुढे ईश्वरत्वाचा दावा करणाऱ्या लकाच्या दरबारात तीच भूमिका चालवितो. दरबार बदलतो, वजिराची भूमिका मात्र वारशाने चालू राहते.

मग या भूमिका येतात कोठून? त्याचे उत्तर कथेच्या आरंभीच मिळते. मक्केत एकाच दिवशी तीन मुले जन्मतात : सरदार अब्दुल मुत्तलिब यांचा मुलगा हम्झा, उंटवाल्याचा मुलगा अमर आणि गुलामाचा मुलगा मुक्बिल. पहिला साहिबकिरान होतो, दुसरा ऐयारांचा मुकुटमणी आणि तिसरा एकनिष्ठ धनुर्धर. तिघांचा जन्मदिवस एक असूनही कुळाप्रमाणे भूमिकांची वाटणी होते. राज्य, युक्ती आणि निष्ठा यांचे हे वाटप म्हणजे सरंजामी समाजरचनेचे सरळ प्रतिबिंब होय. ज्याला आपण आदिबंध म्हणतो, तो येथे मानवी मनाच्या तळातून जितका आलेला आहे, तितकाच समाजाच्या उतरंडीतूनही आलेला आहे.

परंतु ही वाटणी कथा स्वतःच टिकू देत नाही. उंटवाला बक्षिसाच्या लोभाने आपल्या गरोदर पत्नीला लाथ मारून प्रसूती घडवितो. ती मरते आणि अमर जन्मतो. त्याला पाहावयास आलेल्या वजीर बुजुर्जमेहरची अंगठी हे तान्हे मूल चोरते. ज्याच्या जन्माचीच किंमत ठरविली गेली, तो पुढे आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची किंमत वसूल करतो. अमरचा लोभ हा विनोदाचा विषय आहे. पण त्याच्या मुळाशी दारिद्र्याची आठवण आहे. हम्झाचे शौर्य जेथे निष्प्रभ ठरते, तेथे अमरचे वेषांतर कामी येते. स्त्री, फकीर, गवई, शत्रूचाच सेवक अशा कोणत्याही रूपात तो शिरू शकतो. ज्याचे स्वतःचे स्थान सर्वांत खालचे, त्यालाच सर्वांची सोंगे घेता येतात. तमाशातील सोंगाड्या राजाच्या दरबारात उभा राहून राजाचीच फजिती करतो, तेव्हा त्याचे बळही अशाच स्थानातून आलेले असते. हे साम्य प्रभावाचे नसून सामाजिक स्थानाचे आहे.

'होशरुबा'त ही भूमिका राष्ट्र आणि लिंग या दोन्ही सीमा ओलांडते. अमरच्या साथीदारांत हबशी किरान आहे आणि बर्क फिरंगीही आहे. अफरासियाबच्या बाजूने त्यांच्यासमोर सरसर आणि तिच्या सहकारी अशा स्त्री-ऐयार उभ्या आहेत. १८८३ नंतर, ब्रिटिश अंमलात छापल्या गेलेल्या या ग्रंथात फिरंगी ऐयार नायकपक्षात असावा, हे लक्षणीय आहे. जादूगार म्हणजे परकीय सत्ताधारी असे सरळ रूपक लावू पाहणाऱ्या वाचकाला हा तपशील थांबवितो.

याहून महत्त्वाचे म्हणजे येथील युद्ध दोन राष्ट्रांत राहतच नाही. महरुख, बहार यांसारख्या समर्थ जादूगारणी अफरासियाबचा पक्ष सोडून हम्झाचा नातू असद याच्या बाजूला येतात. हम्झाच्या पक्षाला जादू निषिद्ध. पण या स्त्रिया आपली जादू घेऊनच येतात आणि लढाईचा मोठा भार त्यांच्यावरच पडतो. पापपुण्याची रेषा साम्राज्याच्या सीमेवरून सरकून साम्राज्याच्या आत येते. शिवाय या शत्रुसाम्राज्यातील बागा, पोशाख, बाजार आणि स्त्रियांची बोली यांवर लखनौची छाप स्पष्ट आहे. कथेतील परका मुलूख हाच श्रोत्याला सर्वांत ओळखीचा वाटावा, अशी ही योजना आहे. १८५६ साली अवध खालसा झाल्यानंतर उरलेल्या नागर संस्कृतीने आपली चित्रे जादूगारांच्या नगरीत जपून ठेवली, असे म्हणता येईल.

या विवेचनातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. अद्भुतकथेतील राष्ट्र हे पूर्वग्रहांचे आगर असते. परंतु तिची गती राष्ट्रांतून नव्हे, तर भूमिकांतून येते. आणि भूमिका जन्माने ठरत असल्या, तरी ऐयारासारखी एखादी भूमिका त्या जन्मसिद्ध व्यवस्थेलाच आतून पोखरते. देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांता' (१८८८) या हिंदी कादंबरीने ऐयार आणि तिलिस्म या कल्पना नव्या वाचकवर्गापर्यंत नेल्या. १९९४ साली दूरदर्शनवर आलेल्या मालिकेने त्या मराठी घरांतही परिचित केल्या. मराठी अद्भुतरम्य कादंबरीकडे पुन्हा वळताना तिच्यातील राजपुत्र खरा वाटतो की नाही, एवढेच विचारून थांबू नये. तेथील सेवक, दासी, वेषधारी आणि बैरागी यांना कथेने कोणती कामे दिली, आणि त्यांतील कोणती कामे राजपुत्राला करता आली नसती, हेही तपासावे. त्या काळच्या समाजाने स्वतःविषयी जे उघडपणे लिहिले नाही, ते कदाचित या दुय्यम पात्रांच्या हालचालींत सापडेल.