उलटं धरून पाहावं असं इंजिन

१९३८ साली लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरल्या मेकॅनो कारखान्याने 'हॉर्नबी डब्लो' ही टेबलावर मावणारी रेल्वे बाजारात आणली, तेव्हा तिच्यासोबत दोन वाफेची इंजिनं होती. एक 'सर नायजेल ग्रेस्ली', ए-४ वर्गातलं, पाचरीसारख्या नाकाचं. याच वर्गातल्या 'मॅलर्ड'ने त्याच वर्षी ३ जुलैला ताशी १२६ मैलांचा, म्हणजे सुमारे २०३ किलोमीटरचा विक्रम केला होता. दुसरं एन-२: लंडनच्या उपनगरी गाड्या ओढणारं, पाण्याच्या टाक्या कुशीला बांधलेलं, ठेंगणंठुसकं. दुकानाच्या काचेबाहेर उभ्या असलेल्या पोरांची नजर कुठे खिळली असेल ते सांगायला नको. घरात रेल्वे मांडणाऱ्यांची नजर आजही तिथेच खिळते, आणि पुढे कपाटात धूळ खात पडलेल्या इंजिनांची गोष्टही बहुधा तिथूनच सुरू होते. माझं म्हणणं असं की इंजिन निवडताना त्याचं नाक, रंग आणि नाव नंतर बघावं, आधी ते उलटं करून पोट बघावं. जे सहज उघडतं, पुसता येतं आणि आपल्या घरातल्या वळणावरून निमूट जातं तेच घ्यावं. असं इंजिन बहुतेक वेळा त्या दुसऱ्या, ठेंगण्या जातीचं निघतं.

याचं कारण वाफेच्या इंजिनाच्या देखणेपणातच आहे. डिझेल इंजिन म्हणजे पेटी. चाकं खाली झाकलेली, त्यांचं काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. वाफेच्या इंजिनाचे दांडे, चाकं सगळं उघड्यावर, आणि म्हणूनच ते चालताना बघत राहावंसं वाटतं. पण मॉडेलमध्ये गंगा उलटी वाहते. खऱ्या इंजिनात दट्ट्या चाकांना फिरवतो; इथे बॉयलरच्या पोटात दडलेली मोटर वर्म गिअरने एक आस फिरवते, त्या आसाची चाकं जोडदांड्यांनी बाकीच्यांना ओढतात, आणि दट्ट्याचा दांडा नुसता फरपटत पुढेमागे होतो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या दांड्यांमध्ये पाव फेऱ्याचं, म्हणजे ९० अंशांचं अंतर राखावं लागतं. एखादं चाक आसावर केसभर जरी सरकलं तरी हे अंतर बिघडतं आणि इंजिन दर फेऱ्याला एकदा लंगडतं. जितके जास्त दांडे, तितक्या लंगडण्याच्या जागा जास्त. दुकानदार ज्याला 'डिटेल' म्हणून मिरवतो, ते मालकाच्या दृष्टीने झिजणारे सांधे असतात.

दुसरी अडचण विजेची. सुरुवातीच्या डब्लोला मधोमध तिसरा रूळ होता. तो बघायला खोटा वाटायचा, पण वीज उचलण्याचं काम चाकांच्या डोक्यावरून उतरवायचा. १९५९ मध्ये डब्लोही दोन रुळांवर आली. एका रुळातून वीज आत, दुसऱ्यातून बाहेर, आणि मधला सगळा व्यवहार चाकांच्या कडांमधून. फॉस्फर ब्रॉन्झच्या केसासारख्या पातळ पट्ट्या चाकांच्या पाठीला घासत राहतात आणि मोटरपर्यंत १२ व्होल्ट पोचवतात. रुळावर धूळ, तेलाचा अंश आणि बारीक ठिणग्यांनी जळलेला काळा थर साचला की हा व्यवहार अडखळतो. चारच चाकांचं ०-४-० इंजिन सांध्यावरच्या प्लास्टिकच्या निर्जीव तुकड्यावर आलं की हमखास थबकतं, म्हणून लहान म्हणजे अगदीच चिमुकलं नको. सहा चाकं जोडलेलं ०-६-० मला सगळ्यात व्यवहारी वाटतं. विकत घेण्यापूर्वी परीक्षा एकच, पण कडक: ४ मिलिमीटरला १ फूट या ब्रिटिश 'ओओ' प्रमाणात ताशी ५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जेमतेम १.८ सेंटीमीटर. शाळेतली फूटपट्टी रुळाशेजारी ठेवावी. तेवढं अंतर इंजिनाने सोळा सेकंदांत, धक्का न देता, रांगत कापलं पाहिजे. भरधाव तर काय, कुठलंही इंजिन जातं.

या 'ओओ'चीही एक गंमत आहे. युरोपातल्या 'एचओ'चं प्रमाण १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ब्रिटिश इंजिनं मुळात अंगाने बारीक, त्यामुळे त्या मापात त्या काळच्या मोटरी त्यांच्या पोटात मावेनात. मग इंजिन १:७६ करून मोठं केलं आणि रूळ तेच ठेवले. ब्रिटनच्या खऱ्या रुळांच्या हिशेबाने अंतर १८.८३ मिलिमीटर हवं होतं. शुद्धतावादी आजही याबद्दल नाक मुरडतात. त्यांच्या नाराजीला आधार आहे, पण घरातल्या फळीवर खरा जाच या दोन मिलिमीटरांचा नसतो, वळणाचा असतो. डब्यात मिळणाऱ्या तयार रुळांचं दुसऱ्या त्रिज्येचं वळण ४३८ मिलिमीटरचं. पूर्ण वळसा घ्यायचा तर कडा धरून मीटरभर रुंद फळी लागते. मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात हीच फळी पलंगाखाली सरकवायची असते. 'मॅलर्ड'चं ओओ मॉडेल टेंडरसकट सुमारे २८ सेंटीमीटर लांब. ते या वळणावर मान बाहेर काढतं आणि कंबर आत घालतं. फलाट, खांब, शेजारच्या रुळावरची गाडी, जे आडवं येईल त्याला घासतं. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं ५७०० वर्गाचं 'पॅनिअर', म्हणजे बॉयलरच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या लटकवलेलं ठेंगणं इंजिन, त्याच प्रमाणात साडेबारा सेंटीमीटरच्या आसपास भरतं. आणि खऱ्या रेल्वेने तरी काय केलं होतं? ए-४ इंजिनं बांधली ३५, पॅनिअरचा हा एक वर्ग १९२९ ते १९५० मध्ये ८६३. विक्रमाचे फोटो पहिल्याचे, यार्डातली रोजची ओढाताण दुसऱ्याची.

पॅनिअरचं मॉडेल फोमच्या खाचेत पाठीवर निजवलं की देखभालीचा सगळा अभ्यासक्रम समोर येतो. तळाची पट्टी सहसा दोनतीन बारीक स्क्रूंनी धरलेली असते. ती निघाली की आधी दिसतो तो आसांना गुंडाळलेला केर: सतरंजीचा धागा, मांजराचा केस, कधी डोक्याचा. चिमटीने तो सोडवायचा. ओढून तोडला तर अर्धा गिअरमध्ये जातो. मग पट्ट्या बघायच्या, प्रत्येक चाकाच्या पाठीला हलकेच टेकतेय ना. फार दाबली तर ती ब्रेक बनते, सुटली तर चाक मुकं होतं. तेल प्लास्टिकला चालणारं, पातळ, आणि सुईच्या टोकावर राहील एवढंच. इथे हात सैल सोडणारेच सर्वांत जास्त इंजिनं मारतात: जादा तेल मोटरच्या कॉम्युटेटरवर जातं, चाकांवर उतरतं, रुळांवर पसरतं, आणि धूळ त्याला पाहुण्यासारखी चिकटते. चाकं पुसायला रुळावर टिश्यू आडवा टाकून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार थेंब सोडावेत आणि इंजिन हाताने धरून त्यावर फिरू द्यावं. दोन काळ्या रेघा उमटतात, त्या पुसट होईपर्यंत टिश्यू बदलत राहावा. रुळांना पॉलिश पेपर मात्र लावू नये. बारीक चरे पडतात आणि पुढचा मळ त्यांतच घर करतो. चांगले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात, म्हणजे आपल्या घरातल्या भांड्यांचं जर्मन सिल्व्हर. त्यात चांदी औषधालाही नसते, पण ते गंजत नाही. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात स्वस्त पोलादी रुळांची काय गत होते, हे वेगळं सांगायला नको.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हा छंद आहे, नोकरी नाही, जे आवडतं ते घ्यावं. कबूल. पुण्यात भाऊ जोशींनी उभारलेलं, १९९८ पासून लोकांसाठी खुलं असलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय बघून बाहेर पडणाऱ्याला हिशेब सुचणारही नाही. पण आवड कशाची? वाफेचं इंजिन चालताना बघण्याची असेल, तर जे चालत नाही त्याने ती भागत नाही. फक्त रूपाची असेल तर 'मॅलर्ड' जरूर घ्यावं आणि काचेच्या कपाटात सरळ रुळाच्या तुकड्यावर ठेवावं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आजच्या डिजिटल इंजिनांत कपॅसिटर बसवता येतो, तो वीज तुटली तरी क्षणभर मोटर चालू ठेवतो. मग एवढी पुसापुशी कशाला? खरं आहे, सांध्यावरचं थबकणं त्याने पुष्कळ कमी होतं. पण तो मळ झाकतो, काढत नाही, आणि गिअरमधल्या केसापुढे त्याचं काहीच चालत नाही. शिवाय तो बसवायला आत जागा लागते, म्हणजे इंजिन उघडावं लागतंच. धूर काढणाऱ्या उपकरणाबद्दल तर न बोललेलं बरं: तेल संपलेलं कळलं नाही की आतली तार जळते.

जुनं इंजिन घेणाऱ्यांनी मात्र एका गोष्टीला घाबरावं. अनेक मॉडेलांचा सांगाडा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो. ओतताना त्यात शिशाचा अंश राहिला असेल तर तो धातू वर्षांनुवर्षं आतून किडत जातो. आधी तो किंचित फुगतो, दांडे आखडायला लागतात आणि मालक तेल घालत बसतो. मग केसासारख्या भेगा पडतात आणि एक दिवस सांगाडा बिस्किटासारखा हातात येतो. यावर ना डिंक चालतो ना डाग. म्हणून डबी उघडल्यावर इंजिन उलटं करावं, खिडकीच्या उजेडात धरावं, सांगाड्याच्या कडेला सरळ पट्टी लावून बघावी. मधे फट दिसली किंवा कोपऱ्यावर तडा दिसला, तर नाकाची ऐट कितीही असो, ते परत डबीत ठेवून शेजारचं मागावं.