लघू, गुरू आणि रिक्त शब्द

औपचारिक भाषांच्या सिद्धांतात शब्दाला अर्थ असावा लागत नाही. आधी चिन्हांचा एक सान्त संच ठरवायचा. त्यातली मोजकी चिन्हे क्रमाने मांडली की शब्द तयार होतो. क्रम बदलला की शब्दही बदलतो. मराठी वृत्तशास्त्र असेच चालते, आणि तिथे चिन्हे दोनच: लघू आणि गुरू. भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीचे नाव या संचात लिहिले तर लघू-गुरू-गुरू, म्हणजे य गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट) होतो. खुद्द भंडारा तीन गुरूंचा, म्हणजे म गण. अक्षरे मोजली तर दिघोरीची लांबी तीन, पण युनिकोड काना-वेलांट्या वेगळ्या धरतो, म्हणून तिथे सहा. संच सांगितल्याशिवाय लांबीला अर्थ नाही.

दोन चिन्हांपासून तीन लांबीचे शब्द 2×2×2, म्हणजे आठ होतात. तेच आठ गण. ‘यमाताराजभानसलगा’ या दहा अक्षरांच्या सूत्रात लागोपाठची कोणतीही तीन अक्षरे घ्यावीत, दर वेळी नवा गण मिळतो आणि आठही येतात. शेवटची दोन अक्षरे लघू-गुरू, सुरुवातीचीही तीच. त्यामुळे ती एकमेकांवर ठेवून सूत्र आठ चिन्हांच्या वर्तुळात मिटवता येते. पाठांतरासाठी केलेल्या सूत्राची बांधणी इतकी काटेकोर असावी, हे नवलच. मनाच्या श्लोकांच्या भुजंगप्रयातात एका चरणात चार य गण असतात. ‘दिघोरी’ चारदा म्हटले तरी चरण निर्दोष ठरतो. अर्थाची चौकशी हा सिद्धांत करत नाही.

लांबी तीनवरून उतरत गेले की शब्दांची संख्या 8, 4, 2 आणि शून्य लांबीला 1 अशी येते. हा एक म्हणजे रिक्त शब्द. तो एप्सिलॉन या ग्रीक अक्षराने दाखवतात. तो मोजला नाही तर हिशेब कसा अडतो, हे मात्रावृत्तांत दिसते. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांच्या मांडण्या किती, ते मोजायचे. शेवटी लघू असेल तर एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन. म्हणून प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज असते: 1, 2, 3, 5, 8. छंदशास्त्रकार विरहांक आणि बाराव्या शतकातला हेमचंद्र यांना ही रीत ठाऊक होती. दोन मात्रांची मांडणी दोन प्रकारे होते, आणि त्यातला एकटा गुरू या नियमात बसवायचा तर शून्य मात्रांची एक मांडणी मानावीच लागते.

कोणत्याही शब्दाला रिक्त शब्द जोडला तरी शब्द तोच राहतो. बेरजेत शून्य जसे, तसा जोडणीत हा अविकारक घटक. भाषा म्हणजे शब्दांचा संच, आणि रिक्त संच मात्र निराळा. त्यात एकही शब्द नसतो, तर फक्त रिक्त शब्द असलेल्या भाषेत एक शब्द असतो. स्टीफन क्लेनीच्या तारांकित क्रियेत शून्य वेळा पुनरावृत्तीलाही मुभा असल्याने रिक्त संचावर ती केली तरी रिक्त शब्द हाती येतो. नवशिके इथेच हमखास चुकतात.

व्याकरणात अशी जागा जुनी आहे. शालेय तक्त्यात प्रथमेला प्रत्यय नसतो. ‘बस’, ‘कर’ या आज्ञार्थी एकवचनांनाही नाही. पाणिनीने न दिसण्याला लोप ही संज्ञा दिली आणि लुप्त प्रत्ययाचे कार्य मागे उरते असा नियमही केला. रिक्त शब्दाला अशी आठवण नसते. काय गळले ते फक्त शब्द कोणत्या नियमांनी घडला त्या पायऱ्यांत सापडते. नोम चॉम्स्कीच्या वर्गीकरणातील संदर्भसापेक्ष व्याकरणांत शब्द आखूड करणारे नियम चालत नाहीत, म्हणून रिक्त शब्दासाठी एकच सवलत ठेवतात: आरंभचिन्हाच्या जागी तो लिहिता येतो, पण मग ते चिन्ह कोणत्याही नियमाच्या उजव्या बाजूला येता कामा नये.