वाळवंटाचे छायाचित्रण आणि जुनेपणाचे तंत्र : एक विवेचन

प्रस्तावना :
वाळवंटाच्या छायाचित्रास जुन्या काळाची छटा देण्याची प्रथा डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रसारानंतर सर्वत्र रूढ झाली आहे. पिवळसर तपकिरी रंग, ठळक दाणे आणि मावळतीचे ऊन एवढी सामग्री जमली की चित्र 'जुने' झाले, असे मानले जाते. वस्तुतः वाळवंटाची जी छायाचित्रे खरोखर दीडशे वर्षांपूर्वीची आहेत, त्यांत या तिन्ही गोष्टी घेतेवेळी सहसा नव्हत्या. त्या छायाचित्रांचे वेगळेपण वयापेक्षा रसायनातून अधिक आले आहे. प्रस्तुत लेखात इजिप्त व अमेरिकेतील नेव्हाडा येथे काम केलेल्या दोन छायाचित्रकारांच्या आधारे या रसायनाचा विचार केला आहे.

ओली काच आणि कोरडी हवा :
फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी 1851 मध्ये ओल्या कोलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. ईथर व अल्कोहोलमध्ये विरघळविलेला नायट्रोसेल्युलोज म्हणजे कोलोडियन. त्यात आयोडाइड मिसळून ते काचेवर पसरावयाचे, काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि लगेच विकसित करावयाची, असा हा क्रम होता. काच वाळली की तिची संवेदनशीलता जात असे. समशीतोष्ण प्रदेशात या सर्व कामास काही मिनिटांची सवड मिळे. वाळवंटात तीही आक्रसत असे. साहजिकच अंधारी खोली छायाचित्रकारासोबत फिरणे अपरिहार्य होते.

फ्रान्सिस फ्रिथ यांनी 1856 ते 1860 या काळात इजिप्त व पश्चिम आशियाच्या तीन सफरी केल्या. त्यांच्या कॅमेऱ्यांपैकी एकाची काच 16 बाय 20 इंचांची होती. तंबूतील उष्म्याने कोलोडियन काचेला लागताक्षणी उकळू लागे, असे त्यांनी नोंदविले आहे. त्यांच्या वेताच्या झाकलेल्या गाडीत जनानखाना असावा, असा स्थानिक लोकांचा समज झाला होता म्हणतात. आत होत्या त्या मात्र रसायनांच्या बाटल्या.

टिमोथी ओ'सुलिव्हन हे क्लॅरेन्स किंग यांच्या नेतृत्वाखालील चाळिसाव्या अक्षवृत्ताच्या सर्वेक्षणात छायाचित्रकार होते. 1867 मध्ये नेव्हाडातील कार्सन वाळवंटात त्यांनी घेतलेल्या वालुकागिरींच्या छायाचित्रात खेचरे जुंपलेली गाडी उभी आहे. हीच त्यांची फिरती अंधारी खोली. गाडीपासून कॅमेऱ्याच्या दिशेने पावलांचे ठसे उमटलेले दिसतात. निर्मनुष्य वाटणारे हे दृश्य घेण्यासाठी मनुष्याला वाळूतून किती ये-जा करावी लागली, याची कबुली चित्रातच आहे. अनेक सफाईदार चित्रांपेक्षा हे चित्र अधिक प्रामाणिक वाटते, ते यामुळेच.

कोलोडियनला दिसलेले वाळवंट :
कोलोडियनला निळा, जांभळा व अतिनील प्रकाश जाणवे. पिवळा व तांबडा जवळजवळ जाणवत नसे. यातून त्या चित्रांची बहुतेक लक्षणे उलगडतात. निळे आकाश निगेटिव्हवर दाट काळे उमटे आणि छापील प्रतीत कोरे पांढरे दिसे. तांबूस खडक डोळ्यांना भासतात त्याहून गडद येत. वाळूच्या सावलीत आकाशाचाच निळा प्रकाश पोहोचत असल्यामुळे सावल्या अगदी काळ्या होत नसत. हवेतील धूसरताही निळ्या प्रकाशात वाढते. म्हणून दूरचे डोंगर विरत जातात. मावळतीच्या उन्हात निळा अंश फारच कमी असल्याने ती वेळ या कामास गैरसोयीची होती. 'सोनेरी घटिका' ही नंतरच्या काळाची आवड होय.

दाण्यांचेही तसेच. कोलोडियनच्या काचेत डोळ्यांना जाणवतील असे दाणे जवळजवळ नसतात. शिवाय प्रत काचेच्याच आकाराची, कागद काचेला भिडवून काढली जाई. ती विलक्षण रेखीव असे. खरखरीत दाणे ही विसाव्या शतकातील छोट्या, जलद फिल्मची देणगी आहे. पिवळेपणा मात्र खरोखर वयाचा. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला अल्ब्युमेन कागद 1850 पासून वापरात आला. सोन्याच्या क्षाराने संस्कारित केल्यावर त्यावरील प्रत जांभळट तपकिरी होई. कालांतराने तिचे उजळ भाग पिवळे पडत. म्हणजे आजचा तयार फिल्टर दोन शतकांची लक्षणे आणि एका कागदाचा ऱ्हास एकाच चित्रावर चढवितो.

आजचा प्रयोग :
ज्यास ते रूप जाणून घ्यावयाचे आहे, त्याने सकाळ बरीच वर आल्यावर, निरभ्र आकाशाखाली, तिकाटण्यावर कॅमेरा ठेवून रॉ स्वरूपात चित्र घ्यावे आणि कृष्णधवल रूपांतर करताना केवळ निळी वाहिनी ठेवावी. या वाहिनीत दोष लवकर उठून दिसतात, म्हणून संवेदनशीलता किमान ठेवणे इष्ट. अतिनील प्रकाश नेहमीचा कॅमेरा जवळजवळ टिपत नाही. तेवढे अंतर राहतेच. फिल्म वापरणाऱ्यास तांबडा रंग न ओळखणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म व निळा फिल्टर हा मार्ग आहे. ढगांचा मोह येथे सोडावा लागतो. कोरे आकाश रचनेतच सामावून घ्यावे लागते. वालुकागिरीची कड त्या पांढऱ्यावर रेषेसारखी उमटते.

एक पथ्य मात्र तंत्राबाहेरचे आहे. वालुकागिरी सरकत असतात, त्यांच्यातून रस्ते जातात, विजेचे खांब उभे राहतात. असे खांब चौकटीबाहेर ठेवून जुन्या रूपात सादर केलेले चित्र काही वर्षांनी भूगोलाच्या अभ्यासकाच्या हाती पडले, तर तो त्यास पुरावा समजण्याचा संभव आहे. म्हणून अशा चित्रासोबत घेतल्याचे वर्ष, स्थळ आणि केलेले रूपांतर नोंदवावे व मूळ रंगीत प्रत जपून ठेवावी.