पहिलं कॉन्ट्रॅक्ट हातात आलं! अंब्रेला कंपनीत जायचं का, आणि कधी?

या आठवड्याचा व्हिडिओ यूकेमध्ये पक्की नोकरी सोडून पहिल्यांदाच कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये उतरणाऱ्या आपल्या लोकांसाठी आहे. व्हिडिओत आकडे जरा भराभर झाले, म्हणून इथे निवांत मांडतो.

ओळखीतला एक मुलगा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला. ७२ हजार पौंडांची नोकरी होती. एक दिवस रिक्रूटरचा फोन आला: दिवसाला ४०० पौंड, सोमवारपासून सुरू, अंब्रेला कंपनी आम्हीच सुचवतो, आजच सही करा. गड्याने मनात गुणाकार केला. आठवड्याला २,०००, वर्षाला लाखभर! राजीनामा देऊन मोकळा. पहिल्या पूर्ण आठवड्याचे हातात पडले १,२०० च्या आसपास. मला फोन करून म्हणाला, "दादा, मला फसवलं का हो?"

फसवलं नव्हतं. पण सही करण्याआधी त्याने हिशोब मागितला नव्हता, आणि कुणी आपणहून दिलाही नव्हता.

४०० पौंड जातात कुठे?

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एजन्सी सांगते तो रेट म्हणजे तुमचा पगार नाही. ते पैसे अंब्रेला कंपनीकडे येतात. ती तुमची एम्प्लॉयर असते, त्यामुळे एम्प्लॉयरचे सगळे खर्च त्याच पैशातून जातात आणि उरतो तो तुमचा ग्रॉस पगार.

२०२५-२६ च्या दरांनी आठवड्याचा हिशोब बघू. आले २,०००. अंब्रेलाचं मार्जिन २५ धरू. एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स १५ टक्क्यांनी साधारण २४४. अप्रेंटिसशिप लेव्ही ०.५ टक्का, म्हणजे ९ च्या आसपास. उरले साधारण १,७२२. हा तुमचा ग्रॉस, आणि सुट्ट्यांचा पगारही यातच आला. त्यातून इन्कम टॅक्स साधारण ४४७ आणि तुमचा स्वतःचा नॅशनल इन्शुरन्स ७३. हातात १,२००. पेन्शन अजून धरलेलंच नाही. (स्कॉटलंडमध्ये टॅक्सचे दर वेगळे आहेत.)

आता वर्षाचं बघा. सुट्ट्या आणि मधला थोडा रिकामा वेळ वजा जाता ४४ आठवडे काम झालं, तर हे कॉन्ट्रॅक्ट साधारण ७५-७६ हजारांच्या नोकरीइतकं होतं. म्हणजे आपल्या या मित्राने तीन-चार हजारांसाठी पक्की नोकरी सोडली! आधी कळलं असतं तर तो ४७५ मागू शकला असता, किंवा सरळ नाही म्हणाला असता.

मग अंब्रेलात कधी जायचं?

"नवीन आहेस ना, मग अंब्रेलाच घे" असं सरसकट सांगणारे खूप भेटतील. नवीन-जुना हा मुद्दाच नाही. तीन प्रश्न विचारा.

पहिला: कॉन्ट्रॅक्ट आयआर३५ च्या आत आहे की बाहेर? क्लायंट मध्यम किंवा मोठा असेल, तर एप्रिल २०२१ पासून हे क्लायंटने ठरवायचं असतं आणि कारणांसकट लेखी द्यायचं असतं. "आत" असेल तर स्वतःच्या लिमिटेड कंपनीचा टॅक्सचा फायदा जवळजवळ संपतो. अशा वेळी अंब्रेला ठीक. पण आधी एजन्सीला विचारा, "तुमच्याच पेरोलवर घेता का?" तिथे अंब्रेलाचं मार्जिन वाचतं. मात्र पेरोलचा रेट आणि अंब्रेलाचा रेट एका तराजूत तोलू नका. पेरोलचा रेट मुळातच कमी दिसतो, कारण एम्प्लॉयरचे खर्च त्यातून आधीच वगळलेले असतात.

दुसरा: किती दिवस करणार? कॉन्ट्रॅक्ट आयआर३५ च्या बाहेर असलं, तरी तीन-चार महिने नुसतं करून बघायचं असेल, तर कंपनी काढा, अकाउंटंट नेमा, रिटर्न भरा आणि शेवटी कंपनी बंद करा, हा व्याप कशाला? अंब्रेलात जा. जमतंय असं दिसलं आणि पुढची कामंही बाहेरचीच मिळू लागली, की लिमिटेड कंपनीचा विचार करा.

तिसरा, आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचा: व्हिसा कोणता? स्किल्ड वर्कर व्हिसा तुमच्या स्पॉन्सरशी बांधलेला असतो. अंब्रेलात गेलं म्हणून तो प्रश्न सुटत नाही. नोकरी सोडून कॉन्ट्रॅक्टिंगला उतरलात तर व्हिसाच धोक्यात येईल. कायम वास्तव्याची परवानगी असेल किंवा डिपेंडंट व्हिसा असेल, तर गोष्ट वेगळी. तरी आपल्या व्हिसाच्या अटी एकदा स्वतः वाचा.

सहीच्या आधी चार गोष्टी

१. एजन्सीकडून "की इन्फर्मेशन डॉक्युमेंट" मागा. एप्रिल २०२० पासून ते देणं एजन्सीला बंधनकारक आहे. काय काय कापणार आणि हातात अंदाजे किती पडणार, हे त्यात उदाहरणासकट असतं.

२. सुट्ट्यांचा पगार दर आठवड्याला मिळणार की साठवून ठेवणार? साठवणार असतील, तर काम सुटताना तो मागायला विसरू नका.

३. जुन्या नोकरीचा पी४५ अंब्रेलाला लगेच द्या. नाहीतर चुकीचा टॅक्स कोड लागून पहिल्या काही पगारांत जास्त टॅक्स कापला जाऊ शकतो.

४. एजन्सीच्या यादीतल्या दोन-तीन अंब्रेलांकडून एकाच रेटवर हिशोब मागवा. टॅक्स सगळीकडे सारखाच, फरक पडायला हवा तो फक्त मार्जिनचा.

आणि हो, एखादी कंपनी म्हणाली की "आमच्याकडे ८५ टक्के हातात," तर तिथून उठायचं! पगाराचा एक भाग कर्ज किंवा ॲडव्हान्स म्हणून दाखवून टॅक्स वाचवण्याचा तो खेळ असतो. एचएमआरसी मागे लागलं, की न भरलेल्या टॅक्सचं बिल तुमच्याही दारात येऊ शकतं. अशा योजनांची नावं एचएमआरसी स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर करतं. सहीआधी पाच मिनिटं तिथे घालवा.

आपला मित्र सहा महिने तिथेच राहिला. रिन्यूअलच्या वेळी मात्र कागदावर हिशोब मांडून बसला आणि रेट ४५० करून घेतला. तुम्ही हा कागद पहिल्याच फोनच्या वेळी काढा. रिक्रूटर "आजच सांगा" म्हणाला, तर एवढंच म्हणा: "हातात किती पडणार ते आधी लेखी पाठवा, उद्या सकाळी कळवतो."

भेटू पुढच्या व्हिडिओत!