निषेधचिन्ह आणि वाक्य : रेटिनॉइड औषधांच्या निमित्ताने

तीव्र मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन व तीव्र सोरायसिसवर ॲसिट्रेटिन ही रेटिनॉइडे पोटातून दिली जातात. दोहोंमुळे गर्भात गंभीर व्यंगे उद्भवू शकतात. अमेरिकेत वेष्टणावर गर्भवतीची आकृती तिरप्या रेघेने छेदून छापली गेली, तेव्हा काही स्त्रियांनी हे औषधच गर्भनिरोधक आहे, असा अर्थ लावला. कोणी, का आणि कधीपर्यंत, हे चिन्ह सांगत नाही. ते वाक्यच सांगते. एन्नोरच्या तमिळभाषक कोळीवस्तीत काय किंवा मराठी खेड्यात काय, इंग्रजी वेष्टणही असेच अपुरे ठरते. म्हणून चिकित्सकाने रुग्णाच्या भाषेत पूर्ण वाक्य उच्चारावे : उपचारापूर्वी गर्भधारणाचाचणी करावी, उपचारकाळात आणि आयसोट्रेटिनॉइन थांबविल्यावर १ महिना, ॲसिट्रेटिननंतर ३ वर्षे गर्भधारणा टाळावी, तोवर स्त्री-पुरुष कोणीही रक्तदान करू नये. येथे भाषांतर हे उपचाराचेच अंग होय.