दुखावलेल्या मनाजवळ कोण बसतं?

२ जानेवारी २०२५च्या पहाटे भोपाळहून निघालेले बारा कंटेनर धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला पोचले. त्यांत युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यातला ३३७ टन कचरा होता. वायुदुर्घटनेला चाळीस वर्षं उलटून गेली होती. दुसऱ्या दिवशी पिथमपूर बंद झालं, लोक रस्त्यावर उतरले. कचरा जाळताना धूर मर्यादेत राहील, मोजमाप होईल, असं अधिकारी पुन्हा पुन्हा सांगत होते. जूनअखेरपर्यंत तो सगळा कचरा जाळूनही झाला. पण त्या जानेवारीत आकडे ऐकून कुणाची छाती हलकी झाली नाही. ज्यांनी १९८४ची रात्र पाहिलीही नव्हती, अशा तरुणांच्या मनातही ती रात्र होती. आई-वडिलांकडून ऐकलेली, वर्तमानपत्रांतल्या फोटोंतून पाहिलेली.

त्या दिवसांत पर्यावरणाचे, कायद्याचे, रसायनांचे जाणकार बोलले आणि त्यांनी बोलायलाच हवं होतं. मात्र या भीतीशी बोलणारं कुणी आहे का, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही.

याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, सरदारपूर तहसिलीत राजगढजवळ मोहनखेडा आहे. आचार्य राजेंद्रसूरींच्या नावाशी जोडलेलं हे श्वेतांबर जैनांचं मोठं तीर्थ. माळव्यातून, गुजरातमधून, राजस्थानातून माणसं इथे येतात आणि येताना आपलं दुःखही बरोबर आणतात. आसपासच्या भिल्ल पाड्यांत मन बिघडलेल्या माणसाला आधी बडव्याकडे, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूकडे नेतात. शहरी माणसाला ही अंधश्रद्धा वाटते, पण दुसरं दार कोणतं उघडं आहे ते आधी पाहू. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात दर लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञांचं प्रमाण ०.०५ निघालं. म्हणजे वीस लाखांमागे एक. २०११च्या जनगणनेनुसार धार जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ बावीस लाख आहे. या हिशेबाने अख्ख्या जिल्ह्याच्या वाट्याला एक डॉक्टर येतो, आणि तोही गावात नाही, शहरात बसणारा.

ही अडचण भोपाळमध्ये सर्वांत आधी आणि सर्वांत क्रूरपणे उघडी पडली. डिसेंबर १९८४मध्ये डोळे आणि फुप्फुसं वाचवायला देशभरातून डॉक्टर धावले. मनाकडे लक्ष जायला फेब्रुवारी उजाडला. लखनौच्या पथकाने वायुपीडितांच्या दहा दवाखान्यांतल्या ८५५ रुग्णांची चाचणी केली, तेव्हा त्यांतल्या १९३ जणांना, म्हणजे २२.६ टक्क्यांना, मानसिक विकार असल्याचं दिसलं. बहुतेक स्त्रिया, बहुतेक पंचेचाळिशीच्या आतल्या. उदासी, धास्ती, झोप उडालेली. ठार वेड म्हणतात तसं क्वचितच कुणाला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतले डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती आणि त्यांचे सहकारी तिथे होते. एवढ्या लोकांना पुरतील इतके मनोविकारतज्ज्ञ आणायचे कुठून? त्यांनी वेगळा विचार केला. वायुपीडितांच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या सुमारे पन्नास साध्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एप्रिल १९८५मध्ये प्रशिक्षण दिलं आणि हाताशी एक पुस्तिका दिली. छातीत धडधडतं म्हणून आलेल्या बाईला टॉनिक लिहून देण्याआधी काय विचारायचं, काय ऐकायचं, हे त्यांना शिकवलं. आघातोत्तर ताणविकार हे निदान अमेरिकी मनोविकारशास्त्राच्या यादीत १९८०मध्ये आलं होतं. त्यानंतर जेमतेम पाच वर्षांत भोपाळमध्ये हे काम सुरू झालं. आपल्याकडच्या आपत्तीनंतरच्या मनोसामाजिक मदतीची पायाभरणी इथे झाली, असं मी मानतो.

आघाताने मेंदूत नेमकं काय होतं, ते कळलं तर समुपदेशकाने काय करायचं हेही कळतं. समजा, इंदूर-अहमदाबाद रस्त्यावर एका बाईच्या डोळ्यांदेखत तिचा नवरा ट्रकखाली गेला. त्या क्षणी शरीरात ताणाची संप्रेरकं उसळतात. मेंदूतला अमिग्डला हा भाग, जो धोका ओळखतो, तो ती आठवण खोल कोरून ठेवतो. हिप्पोकॅम्पस हा शेजारचा भाग एरवी आठवणीला जागा आणि वेळ यांची चौकट देतो. प्रचंड ताणात त्याचं काम विस्कटतं. मग आठवण उरते, पण ती ‘झालं ते झालं’ या खात्यात जात नाही. सहा महिन्यांनी डिझेलचा वास आला की ती बाई पुन्हा त्याच रस्त्यावर उभी असते. घाम फुटतो, पाय लटपटतात. मग ती रस्त्यावर जाणं टाळते. टाळलं की बरं वाटतं, आणि बरं वाटलं की टाळणं पक्कं होत जातं. बाजार सुटतो, नातेवाइकांकडे जाणं सुटतं, शेवटी घराचा उंबरा ओलांडणंही सुटतं. कपाळामागचा मेंदूचा भाग अमिग्डलाला ‘आता धोका नाही’ असं शिकवू शकतो. मात्र त्यासाठी धोका नसल्याचा अनुभव यावा लागतो, आणि टाळत राहणाऱ्या माणसाला तो कधी येतच नाही.

इथे एक दिलासाही आहे. भयंकर प्रसंगातून गेलेली बहुसंख्य माणसं काही आठवड्यांत, काही महिन्यांत आपोआप सावरतात. झोप लागते, हात कामाला लागतात. म्हणूनच पहिल्या महिन्यात आघातोत्तर ताणविकाराचं निदान करतच नाहीत. या काळात हवं असतं ते माणसाला स्वतःच्या गतीने सावरू देणारं कुणीतरी.

ही साधी गोष्ट शिकायला तज्ज्ञांना वेळ लागला. अपघातानंतर लगेच माणसाला बसवून घडलेलं सगळं तपशिलात बोलतं करायचं, म्हणजे मन मोकळं होतं, अशी एक पद्धत १९८०च्या दशकात अमेरिकेत अग्निशामक दलासाठी तयार झाली आणि जगभर पसरली. वेल्समध्ये भाजलेल्या रुग्णांवर तिची चाचणी झाली. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, असं बोलतं केलेल्यांपैकी तेरा महिन्यांनी २६ टक्क्यांना आघातोत्तर ताणविकार होता आणि न केलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. पहिल्या गटातले रुग्ण मुळात थोडे अधिक भाजलेले होते, हे लक्षात घ्यायला हवं. पण नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हाही एकदाच बसवून बोलतं करण्याचा फायदा दिसला नाही. आता जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन वेगळं आहे: आधी पाहा, मग ऐका, मग योग्य मदतीशी जोडून द्या. पाणी हवंय का, मुलं कुठे आहेत, रात्री सोबत कोण आहे. बोलावंसं वाटलं तर ऐकायचं. खोदून विचारायचं नाही. टीव्हीचे माईक घेऊन फिरणाऱ्यांनीही हे शिकून घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

मग ऐकणारा माणूस कोण असावा? या प्रश्नावर आपल्याकडचं सर्वांत पक्कं काम गोव्यात झालं. मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल ऑक्सफर्ड-लंडनला शिकले आणि १९९०च्या दशकात झिंबाब्वेत काम करायला गेले. नैराश्य वगैरे गोष्टी आफ्रिकेत पाश्चात्त्यांनी नेल्या असाव्यात, अशी शंका घेऊन ते गेले होते. तिथल्या पारंपरिक वैद्यांकडे येणारे रुग्ण पाहिल्यावर ती फिटली. दुःख तेच होतं, ते सांगायची रीत निराळी होती, आणि लंडनमध्ये शिकलेले उपचार तिथे द्यायला माणसंच नव्हती. १९९६मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर गोव्यात ‘संगत’ ही संस्था सुरू केली. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या ‘मानस’ चाचणीचे निकाल आले. चोवीस दवाखाने, २,७९६ रुग्ण. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशक असलेल्या सरकारी आरोग्य केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झालेले होते, नेहमीच्या उपचारांच्या केंद्रांत ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. दोन्हीकडे साधारण ६५ टक्के रुग्ण बरे झाले. माझा अंदाज असा की पिढ्यान्‌पिढ्या घर ओळखणारा डॉक्टर तिथे समुपदेशकाचं काम आधीपासूनच करत असावा.

संगतच्या पुढच्या प्रकल्पात समुपदेशकांची निवड कशी झाली, ते मला फार मोलाचं वाटतं. मानसशास्त्राची पदवी मागितली नाही. किमान दहावी, स्थानिक भाषा, आणि माणसाशी बोलायची हातोटी. तीन आठवडे वर्ग, मग सहा महिने देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. त्यांनी दिलेल्या उपचारात रुग्णाला सहा ते आठ वेळा भेटायचं असतं. बालपणाच्या तळाशी उतरायचं नसतं. ‘काकी, सध्या दिवस कसा जातो? पूर्वी काय केलं की बरं वाटायचं?’ इथून सुरुवात. मग या आठवड्यात त्यातलं एक काम करून पाहायचं: शेजारणीकडे जाऊन बसणं, परसातली भाजी पाहणं, मंदिरापर्यंत चालणं. पुढच्या भेटीत काय जमलं, काय अडलं ते बोलायचं. अडलेल्या कामात पेन्शनचा अर्ज असेल तर पेन्शनच्या अर्जावर बोलायचं. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या ४९५ तीव्र नैराश्याच्या रुग्णांवर याची चाचणी झाली. तीन महिन्यांनी समुपदेशन घेतलेल्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आलेले होते, इतरांतले ३९ टक्के.

नैराश्यात हे चालेल, पण खोल आघाताला तज्ज्ञच हवा, असं कुणी म्हणेल. मलाही बराच काळ तसंच वाटत होतं. काँगोतल्या लैंगिक हिंसाचाराने होरपळलेल्या स्त्रियांवरचा अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला, त्याने हे मत हलवलं. सोळा गावं, युद्ध अजून धुमसतंय, अनेक स्त्रियांना लिहिता-वाचता येत नाही. फारसं शिक्षण नसलेल्या तिथल्याच कार्यकर्त्यांनी प्रत्येकीला एकदा एकटीला भेटून, मग गटात अकरा वेळा बसवून, आघातावरचा शास्त्रशुद्ध उपचार दिला. ‘हे माझ्यामुळे झालं’ असं मनात बसलेलं वाक्य तपासून पाहायचं, असा त्याचा गाभा. सहा महिन्यांनी या गटातल्या ९ टक्के स्त्रियांत नैराश्य किंवा चिंतेची ठळक लक्षणं उरली, नुसता आधार मिळालेल्यांत ४२ टक्के. नुसता आधार कमी पडला, हे लक्षात घेण्याजोगं आहे. साधेपणा म्हणजे कसंही बोलणं नव्हे.

मराठी मुलखात हाच धागा अमरावती जिल्ह्यात दिसतो. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या तीस गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला. त्याचे निष्कर्ष डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये मांडले. गावातलेच आरोग्य कार्यकर्ते घरोघर बोलायचे, समुपदेशक पुढची भेट घ्यायचे, डॉक्टर गरजेपुरते. दीड वर्षात नैराश्याच्या रुग्णांपैकी मदतीपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. आणि आता मध्य प्रदेशातच, देवासला लागून असलेल्या सीहोर जिल्ह्यात संगतने आशाताईंना गोव्याची तीच पद्धत शिकवली आहे, काहींना वर्गात, काहींना मोबाइलवर. सीहोरला जमतं तर सरदारपूरला का जमू नये?

पुण्याच्या भार्गवी दावर यांचं नाव इथे घेतल्याशिवाय राहवत नाही. त्यांच्या बापू नावाच्या आईला मनोरुग्णालयांत कोंडलं गेलं होतं आणि लहानग्या भार्गवीने ती रुग्णालयं आतून पाहिली. पुढे त्या अभ्यासक झाल्या, भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर पुस्तक लिहिलं आणि १९९९मध्ये आईच्या नावाने बापू ट्रस्ट उभा केला. पुण्याच्या वस्त्यांमध्ये ट्रस्टच्या कार्यकर्त्या दारोदार जातात, कोपरासभा घेतात, खाणंपिणं, गाणं, चित्र, श्वास यांतून काम करतात. दुखावलेल्या माणसाला कुलपाआड पाठवू नका, त्याच्या गल्लीलाच सांभाळायला शिकवा, हा आग्रह त्यांनी २०२४मध्ये जाईपर्यंत सोडला नाही. त्यांचं मनोविकारशास्त्राशी कडाक्याचं भांडण होतं आणि पटेलांच्या वाटेशी त्यांचं सगळंच जुळलं असतं असं नाही. पण स्वतः सोसलेलं असणं ही समुपदेशकाची कमतरता नसून त्याची शिदोरी असू शकते, हे त्यांच्याकडे पाहून पटतं.

मात्र शिदोरी संपतेही. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्या कार्यकर्तीची झोप उडते, तिलाही तीच स्वप्नं पडू लागतात. गोव्यात यावर केलेला उपाय मला सगळ्या आकड्यांहून महत्त्वाचा वाटतो. समुपदेशक नियमित एकत्र बसायचे, रुग्णांच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेलं एकमेकांचं बोलणं ऐकायचे आणि ठरलेल्या कसोट्यांवर गुण द्यायचे. कुठे घाई झाली, कुठे उपदेश झाला, कुठे ऐकायचं राहून गेलं. सुरुवातीला शेजारी तज्ज्ञ असायचा, नंतर समुपदेशकच एकमेकांना तपासायचे, आणि त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बरेच जुळायचे.

धार जिल्ह्यात हे उभं करायचं तर ऑक्टोबर २०२२पासून सुरू असलेली १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन पुरणार नाही. जिथे फोनला रेंजच नाही तिथे तर नाहीच. गर्भवतींची नोंद, लसीकरण, क्षयरोगाची पाहणी असं सगळं आशाताईच्या डोक्यावर आधीच आहे. त्यात हे काम फुकटात टाकलं तर ते कागदावरच होईल. या भेटींचा वेगळा मोबदला, भिली आणि माळवीतून तयार केलेलं प्रशिक्षण, महिन्यातून दोनदा एकत्र बसायला जागा आणि गाडीभाडं, आणि फोन केला की उचलणारा एक मनोविकारतज्ज्ञ, एवढं मिळालं तर राजगढच्या आरोग्य केंद्रातून पुढच्या वर्षीच सुरुवात करता येईल. बडव्यालाही या बैठकीला बोलवावं. त्याच्याकडे माणसं आधीच जातात, आणि कुणाला तातडीने डॉक्टरकडे न्यायला हवं हे त्याला ओळखता आलं तर वाचलेला प्रत्येक आठवडा रुग्णाच्या पदरात पडेल.