फीडबॅकची बदनामी

ब्लॅकने १९२७ साली निगेटिव्ह फीडबॅक मांडला, नायक्विस्टने १९३२ साली स्थैर्याचा निकष दिला, बोडेच्या १९४५च्या ग्रंथाने त्याला शिस्त लावली. विल्यमसनचा १९४७चा व्हॉल्व्ह ऍम्प्लिफायर आउटपुट ट्रान्सफॉर्मरसकट २० डीबी फीडबॅक घेऊन स्थैर्याच्या अगदी काठावर चाले. १९५६मध्ये लिनने तो ट्रान्सफॉर्मरच काढून टाकला.

खरी भांडणे १९७० साली सुरू झाली. फिनलंडच्या मात्ती ओतालाने दाखवले, की वेगवान सिग्नल आला की इनपुट स्टेज तुंबते आणि आवाज बिघडतो. निरीक्षण रास्त होते. पण आम्हा ऑडिओवाल्यांतल्या काही कर्णपंडितांनी त्यातून फीडबॅकलाच आरोपी ठरवले आणि ‘झीरो फीडबॅक’ची जपमाळ धरली, ती अजून सुटलेली नाही. हिशेब तर सोपा आहे. ८ ओहममध्ये १०० वॉट म्हणजे ४० व्होल्टचे शिखर. २० किलोहर्ट्झला त्यासाठी मायक्रोसेकंदाला ५ व्होल्टचा वेग लागतो. इनपुट जोडीला १ मिलिअँपिअर दिला आणि मिलर कपॅसिटर १०० पीएफ ठेवला, तर १० मिळतो. उणीव करंटची होती, फीडबॅकची नव्हे. अमेरिकेत बॉब कॉर्डेलने १९८० साली हेच ठणकावून सांगितले.

माझा जीव मात्र दोन-पोल कॉम्पेन्सेशनवर. एकाच मिलर कपॅसिटरने लूप गेन ऑक्टेव्हला ६ डीबीने उतरतो. १ मेगाहर्ट्झला एकावर आणायचा, तर २० किलोहर्ट्झला हाती ३४ डीबीच उरतात. त्याऐवजी दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडा आणि त्यांच्या सांध्यातून एक रेझिस्टर सप्लाय रेलला द्या. आता उतार १२ डीबीचा होतो आणि १०० किलोहर्ट्झनंतर पुन्हा ६वर येतो. लूप गेन एकावर येतो त्या जागी फेज बहुतांशी सावरलेली असते आणि २० किलोहर्ट्झला ४८ डीबी मिळतात. एक कपॅसिटर, एक रेझिस्टर, चौदा डीबींची कमाई! डग्लस सेल्फने १९९३-९४च्या लेखमालेत या युक्तीची बाजू नीट मांडली. स्क्वेअर वेव्हच्या कडेला थोडी उसळी दिसते, हे खरे. तेवढ्यावरून ‘अस्थिर, अस्थिर’ म्हणून ओरडणाऱ्यांनी इनपुटला एक आरसी फिल्टर लावून पाहावा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आम्ही आउटपुटसाठी ३०५५ ट्रान्झिस्टर पारखून घेत असू. जुने ३०५५ मेगाहर्ट्झच्या आतच दम टाकत. त्यांच्यासाठी लूप आवरताना फेज मार्जिन म्हणजे काय ते हाताला कळे. मिलरच्या जागी पॉलिस्टायरीन किंवा मायकाच हवा, यावर वाद घालत चहा निवे. आज नकलेची नक्कल असलेले बोर्ड मिळतात. त्या जागी हाताला येईल तो सिरॅमिक ठोकलेला असतो, मग व्होल्टेजबरोबर त्याची कपॅसिटी बदलली तरी कुणाला फिकीर नाही. असे बोर्ड वापरणारेच नंतर केबलच्या ‘उबदारपणा’वर पानेच्या पाने लिहितात. त्यांना एवढेच सांगणे: आउटपुटवरच्या ८ ओहम लोडला २ मायक्रोफॅरड समांतर जोडा, १० किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह द्या, स्कोप लावा. कानांची साक्ष त्यानंतर घेऊ.